साहेबांच्या सोबतीची निवडणूक

आमच्या कुत्र्याचं नाव साहेब. बोलावल्यावर येत नाही, जेवणाच्या वेळी हजर असतो आणि दाराशी आलेल्या माणसाचं काम न विचारता त्याला हाकलून देतो, म्हणून मीच ते ठेवलं. ग्रामसेवकाच्या नोकरीत जन्मभर साहेबांच्या मागे फिरलो. रिटायर झाल्यावर एखादा साहेब आपल्या मागे फिरावा एवढीच इच्छा होती. ती पुरी झाली.

अलीकडे साहेबांना कमी दिसू लागलं. ते दिवसभर ओसरीवर माझ्या बाजेखाली पडून राहत. मी पेपर मोठ्यानं वाची, ते ऐकत. आर्णीतल्या आमच्या घरात उठून न जाता माझं ऐकणारे तेवढेच उरले होते. बायको सत्यशीला माझ्या पहिल्याच शब्दाला 'हाव, समजलं' म्हणते. मुलगा रवी मोबाइलकडे पाहून मान हलवतो. सून ममताला नेमक्या त्याच वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. तेव्हा साहेबांना जपणं हा माझा स्वार्थ होता.

"साहेबांना एक सोबती आणू," हे मीच काढलं.

माझा मित्र गुलाम नबी याचं दुचाकीचं गॅरेज आहे. तिथल्या कुत्रीला पिल्लं झाली होती. "एक बदामी पिल्लू तुमच्यासाठी ठेवून राह्यलो, उकंडाभाऊ," तो म्हणाला. "इतकं गरीब, की कानाशी हॉर्न वाजवला तरी एकच डोळा उघडते."

साहेबांना असाच स्वभाव मानवला असता. मोठं, दांडगं जनावर आलं, की त्यांची जागा जाणार आणि त्यांच्यासोबत माझीही.

घरी सांगितलं तर रवीनं मोबाइल पुढे केला. त्यात निळ्या डोळ्यांचा लांडगा होता.

"हस्की हाये बाबा. सायबेरियाचं. बर्फात राह्यते."

"अन आपन कुठं राह्यतो?"

"आर्नीत."

"मे महिन्यात आर्नीत काय पडते?"

"तुमी हरेक गोष्टीत मे महिना कायले आनता?"

ममताला लॅब्रॅडॉर पाहिजे होता. नात दीपाला, ज्याचा फोटो मैत्रिणी जास्त पाहतील तो कोणताही चालणार होता. एकमत होईना, तेव्हा मी गुप्त मतदान सुचवलं. चिठ्ठ्या, डबा, सगळं नियमानं. माझी बेरीज तयार होती. सत्यशीला म्हणाली होती, "हस्की नाई पाह्यजे बापा, भाजीत केस येतीन." दीपाला पिल्लाचं नाव ठेवायचा मान मी कबूल केला होता. माझं धरून तीन. पाचांत तीन म्हणजे सत्ता आपली.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात रवी म्हणाला, "मायले अन दीपाले चिखलदऱ्याले फिरवून आनतो. गावात लय तापून राह्यलं." ममताही निघाली. साहेबांना एकटं सोडून मी जाणार नव्हतो. उलट मीच पाण्याच्या बाटल्या भरून गाडीत ठेवल्या.

सरपंचाच्या निवडणुकीआधी सदस्य सहलीला जातात आणि परत येतात ते गॉगल लावून, दुसऱ्या पार्टीचे होऊन, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलं होतं, की गावातून अशी गाडी हलली की मला निकाल कळत असे. तीच गाडी माझ्या अंगणातून हलली तेव्हा मी टाटा केला.

परत आली तेव्हा सत्यशीलाच्या डोळ्यांवर गॉगल होता. "शोभते तुले," असंही मी म्हणालो.

चहापत्तीच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. हस्की चार, गावठी एक. गुप्त मतदानात फितूर कोण झालं ते कळत नाही, हा त्याचा मोठा गुण. असा निकाल लागला की तो गुण उरत नाही.

सत्यशीला भाजी निवडत बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"तुनं हस्कीले मत देलं?"

"मी कायले हस्कीले देईन? मी एसीले देलं."

"एसी कुठं होता चिठ्ठीवर?"

"रवी म्हने, हस्की आनलं तर एसी लावाच लागते. माह्यासाठी लावाच लागते, असं या घरात आजवर कोनी म्हनलं नाई."

मी आणखीच चिडलो. "अन साहेबाचं काय?"

"त्याले काय धाड भरली? तुमची बाज हाये ना त्याले."

दीपा निदान खरं बोलली. "आबाजी, तुमी फक्त नाव ठेवू देनार होते. पप्पा त्याच्यासंगं रील करू देनार हाये."

गुलाम नबीला सांगायला गेलो. त्यानं सगळं ऐकून हाताचं ग्रीस पुसलं. "चिखलदऱ्याले कोनं नेलं?"

"रवीनं."

"अन गाडीत पानी कोनं भरलं?"

मी तिथला एक पाना उचलून न्याहाळू लागलो.

"उकंडाभाऊ, तुमी तर त्याचेच पोलिंग एजंट निघाले!"

हस्की आला. हॉलमध्ये एसी लागला आणि हॉलचं दार कायमचं बंद झालं. ज्याच्या दांडगाईला मी घाबरलो होतो, तो सायबेरियाचा लांडगा एसीखाली चटईसारखा पसरलेला असे. बाकीचेही त्याच्या आजूबाजूला. मी आणि साहेब, आम्ही दोघंच ओसरीवर कूलरपुढे विरोधी पक्ष म्हणून बसलो. साहेब ठाम होते. मला त्यांचा अभिमान वाटत होता.

एका दुपारी मी पेपरातला अग्रलेख वाचत होतो. कूलर गरम हवा फेकत होता. साहेब उठले. चाचपडत हॉलच्या दारापाशी गेले, खालच्या फटीला नाक लावलं आणि पंजानं दार खरवडलं.

"आला का माहा राजा!" आतून सत्यशीलाचा आवाज. साहेब आत गेले. तिनं डोकं बाहेर काढलं. "अजी, तुमी बी या ना. दार उघडं ठेवता येत नाई, थंडी जाते."

"मले गरज नाई."

दार लागलं. अग्रलेख मी मनातल्या मनात संपवला.

थोड्या वेळानं लाइन गेली, एसी-कूलर दोन्ही बंद पडले. एकेक करून सगळे ओसरीवर आले. साहेबही आले आणि काही झालंच नाही अशा थाटात बाजेखाली शिरले. मी बाज उचलून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेली.

"आबाजी, साहेबासंगं कट्टी?" दीपानं विचारलं.

"ते सत्ताधारी पार्टीत गेले. तिकडंच बसू दे."

साहेब वास घेत निघाले. मधल्या खांबाला धडकले, थांबले, पुन्हा निघाले. येऊन माझ्या चपलेवर हनुवटी टेकली. मी मान वळवून पत्र्याकडे पाहिलं. मग माझा हात, मला न विचारता, त्यांच्या डोक्यावर गेला. म्हटलं, म्हातारं जनावर आहे, उन्हानं चुकलं असेल. मी पेपर उलगडला आणि पहिल्या बातमीपासून वाचायला घेतलं. साहेबांनी कान ताठ केले. मला बरं वाटलं.

कान बातमीसाठी नव्हते. हॉलमध्ये एसी 'टिंग' वाजला होता. लाइन आली होती, आणि ओसरीवरून सगळ्यात आधी उठले ते साहेब.