काँक्रीट ओतायच्या आधी

"थांबवा तो पंप!" सळ्यांच्या जाळीवरून तोल सावरत नोरीन ट्रेझाइझ ओरडली.

पंपाची लांब सोंड तिच्या डोक्यावर येऊन थबकली. खाली रस्त्यावर काँक्रीटच्या तीन गाड्या घरघरत उभ्या होत्या. सकाळचे सहा वाजले होते. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाला फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा, दहापर्यंत पारा चाळिशी गाठतो, म्हणून उजाडता उजाडताच स्लॅब ओतायला घेतात.

"आता काय झालं, बाई?" साइटचा सुपरवायझर डॅरिल शिडीवरून वर आला. हातातला थंड कॉफीचा डबा त्याने अजून उघडलाही नव्हता.

"काल माझे आठ पाइप होते. आज सातच आहेत."

"तुझे? तुझे कसले पाइप?"

"वायरींचे. कॅमेऱ्यांच्या, कुलपांच्या, धोक्याच्या घंटेच्या. मागच्या दाराचा पाइप कुणीतरी उपटलाय."

डॅरिलने खिशातला कागद काढला. स्लॅब ओतण्याआधी त्यावर प्रत्येकाने सही करायची असते. सळ्या बांधणारा, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. सुरक्षेच्या कामाला त्यावर ओळच नव्हती. आजवर कधीच नव्हती.

एकतीस वर्षं नोरीन इमारतींत कॅमेरे, कुलपं, घंटा बसवत आली होती. तिला बोलावणं यायचं ते रंग वाळल्यावर. इमारत नवरीसारखी सजलेली असायची आणि वायर न्यायला बोटभर जागा नसायची. मग त्या देखण्या भिंतींवरून प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकायच्या, पोलादी चौकटींना भोकं पाडायची आणि "काय विद्रूप करून ठेवलंत!" हे मालकाकडून ऐकून घ्यायचं. ज्याने आधी विचार केला नाही तो नामानिराळा, आणि शेवटी आलेली नोरीन गुन्हेगार!

तेही तिने सोसलं असतं. पण नऊ वर्षांपूर्वीच्या एका दवाखान्याच्या इमारतीत मागच्या दारापर्यंत वायर नेता आली नाही. कॅमेरा नाही, मदतीचं बटण नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले सगळे. त्या वर्षभरात एका संध्याकाळी मार्लीन दार लावून गाडीकडे निघाली आणि औषधांच्या किल्ल्यांसाठी कुणीतरी तिला पाठीमागून ढकललं. मार्लीन ही नोरीनची शाळेपासूनची मैत्रीण, त्याच दवाखान्यात कामाला. खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच. ती आजही लंगडत चालते.

म्हणून या वेळी पाया खणायच्याही आधीपासून तिने आर्किटेक्टच्या ऑफिसचा उंबरठा झिजवला होता. फिलिपा नावाची ती तरुण आर्किटेक्ट शेवटी कंटाळून म्हणाली, "बरं, घाल बाई तुझे पाइप." काल दिवसभर गुडघ्यांवर रांगत नोरीनने ते घातले होते. जागा उताराची होती, त्यामुळे मागचं दार याच स्लॅबवर, गाड्यांच्या तळाकडे उघडणार होतं. दाराच्या दोन्ही अंगांना काच आणि वर उघडं काँक्रीट. वायर यायची तर जमिनीतूनच.

"ग्रँट!" डॅरिलने हाक मारली. "पाइप कुणी काढला?"

इलेक्ट्रिशियन ग्रँटने कान खाजवला. "पांढरा होता तो? मीच काढला. नुसता रिकामा पाइप! वायर नाही, खूण नाही. मला वाटलं कुणाचा तरी उरलाय."

"वायर पुढे नोव्हेंबरात येणार," नोरीन म्हणाली. "पाइप आत्ता रिकामाच असायला हवा, शहाण्या!"

"चुकलंच माझं. पण सांगणार कोण? तुझं नाव कागदावर कुठे आहे?"

"नोरीन, ऐक," डॅरिल समजुतीच्या सुरात म्हणाला. "या उन्हात गाडीतलं काँक्रीट घट्ट व्हायला लागतं. आज ओतू दे. नंतर ड्रिल मारून घे कुठेतरी."

"या स्लॅबमध्ये? डॅरिल, आत पोलादी दोर आहेत, पुढच्या आठवड्यात तू ते ताणणार आहेस. ताणलेला दोर ड्रिलने तुटून उसळला तर काय होईल, ते मी सांगू की तू सांगतोस?"

डॅरिलने मान वळवून पंपवाल्याकडे बोट उचललं. "ओत रे."

नोरीनने इकडे-तिकडे पाहिलं आणि जिथून तो पाइप जायचा होता तिथेच सळ्यांवर फतकल मारून बसली. एकसष्ट वर्षांची बाई, पांढरे केस हेल्मेटातून बाहेर आलेले, मांडीवर हत्यारांची पिशवी.

"ओत ना," ती म्हणाली. "मीही राहते आत. निदान मागच्या दाराशी कुणीतरी असेल."

सोंड हलेना. सळ्या बांधणारा टेव्हिता पोट धरून हसायला लागला. तो मूळचा टोंगा बेटांवरचा, धिप्पाड गडी. "डॅरिल, ही काही उठत नाही. माझी आई अश्शीच बसायची."

डॅरिलने एक सणसणीत शिवी हासडली, आभाळाला. मग घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं. एकविसावं मिनिट लागलं की मी तुझ्यासकट ओततो."

पुढची ती काही मिनिटं नोरीनला जन्मभर पुरली असती. ग्रँट न सांगता धावत जाऊन तोच पाइप कचऱ्याच्या ढिगातून घेऊन आला. टेव्हिताने दोन सळ्या खांद्याच्या जोराने उचलून धरल्या आणि त्यांच्याखालून नोरीन सापासारखी सरकली. तारेने पाइप बांधला, कोपऱ्यावर वाकवला, तोंडाला बूच लावलं, ओढायची दोरी आतून ओवली. एका टोकाकडून ग्रँटने दोरी ओढली आणि दुसऱ्या टोकाला नोरीनच्या बोटांत ती सळसळली.

"सोळा!" टेव्हिता गरजला. "सोळा मिनिटं!"

स्लॅबवरची सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली. डॅरिलने खिशातून कागद काढला, शेवटच्या ओळीखाली पेनाने वाकडीतिकडी रेघ मारली, 'सुरक्षा' असं लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला.

"कर सही. नाहीतर आत्ता पुन्हा बसशील."

तिने सही केली. हात सळ्यांच्या गंजाने आणि खरचटून आलेल्या रक्ताने माखले होते, त्याचा ठसा कागदावर उमटला. मग सोंड खाली आली आणि करड्या लगद्याखाली आठही पाइप दिसेनासे झाले. नोरीन काठावर उभी राहून बघत होती. तिला इतका आनंद झाला होता की तो लपवायला तिने उगाचच पिशवी आवरायला घेतली.

नोव्हेंबरात आठही वायरी एका दुपारात ओढून झाल्या. एक पट्टी नाही, एक भोक नाही. उद्‌घाटनाला मालक इमारतभर फिरला आणि डॅरिलला म्हणाला, "कॅमेऱ्यांच्या वायरी वगैरे अजून टाकल्या नाहीत वाटतं?" डॅरिलने छाती फुगवून नोरीनकडे बोट दाखवलं. जणू सगळं त्यानेच सुचवलं होतं! नोरीनने त्याला ते श्रेय खुशाल घेऊ दिलं.

नोरीनच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना फिलिपाचा फोन आला. तिला शेजारच्या व्हायाला गावात नवं मोठं काम मिळालं होतं, दुकानं आणि वर तीन मजले ऑफिसं. नोरीन सवयीने टेप आणि वही घेऊन गेली.

"नकाशे कुठेत?" तिने विचारलं.

फिलिपाने टेबलावर एक मोठा कागद अंथरला. कोरा.

"अजून एकही रेघ मारलेली नाही," ती म्हणाली. "म्हटलं, आधी तुला बोलवावं. आता सांग, सुरुवात कुठून करायची?"

नोरीनने खुर्ची ओढून घेतली. चष्मा पुसला, तरी तो पुन्हा धूसर झाला. फिलिपाने पेन्सिल तिच्या हातात दिली.

"रोज संध्याकाळी सगळ्यात शेवटी जी घरी जाईल ना," नोरीन म्हणाली, "ती कुठून बाहेर पडेल, ते आधी काढू या."

आणि तिने पहिली रेघ मारली.