रंजिताच्या आगरातलं टोकन

मी एक टोकन बोलतोय. खिशात शोधू नका, मला वजनच नाही. 'खाडीकाठ' नावाच्या मोबाइलवरच्या गेममध्ये माझा जन्म झाला. माझी नोंद जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर आहे. मालकाशिवाय मला कुणी हलवू शकत नाही, याचा मला फार तोरा होता.

माझी मालकीण सुकापूरची रंजिता. खारघरला नोकरी करते. गेममध्ये तिनं मिठागर घेतलं होतं, पण मीठ काही पिकेना. एकदा तिचे बाबा, कमळाकर, शेजारी येऊन बसले. त्यांचं खरं आगर इमारतींखाली गेलं, त्याला वीस वर्षं झाली.

"घाई करू नको. पयलं पानी कोंडून जाड होऊ दे, मंग म्होरं सोड," ते म्हणाले.

तिनं तसंच केलं आणि मिठाची पहिली रास लागली. त्या राशीच्या बक्षिसात मी आलो.

आम्हा टोकनांचं काम साधं. दर हंगामाला एक टोकन दिलं की बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, उघडते आणि भरतीचं पाणी आत येतं. मध्यंतरी आमचा भाव चढला, तेव्हा ऑफिसातला निनाद तिला म्हणाला, "विकून टाक, वेडी आहेस का?" रंजितानं मला विकलं नाही. बाबा रोज चहा घेताना आगर बघायचे, मीठ कसं धरलंय ते सांगायचे. इतकं बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मग तिचा फोन बिघडला. नव्या फोनवर माझ्यापर्यंत पोचायला पासवर्डसारखे बारा इंग्रजी शब्द लागतात, आणि ते तिनं पेन्सिलनं लिहिले होते स्वयंपाकघराच्या भिंतीवर. गॅसची तारीख, दूधवाल्याचा नंबर, सगळं त्यांच्याकडे तिथंच लिहितात. पण रंजिताच्या हळदीला पाहुणे येणार म्हणून बाबांनी घराचं रंगकाम काढलं होतं. ती भिंत तर त्यांनी स्वतः घासून रंगवली.

तिला अकरा शब्द आठवले. बारावा काही केल्या आठवेना.

बाबांना ती काही बोलली नाही. आगर नुसतं बघायला ते शब्द लागत नाहीत, कुणालाही दिसतं, तेच ती दाखवत राहिली.

"पानी घेतलंस का?"

"घेतलं, बाबा."

त्यांनी चष्मा लावून पडदा जवळ धरला. "खोटं नको बोलू. कडा सुकल्यान. पानी नाय आलेलं."

तेव्हा तिनं सांगितलं. बाबांनी उठून रंगवलेल्या भिंतीवरून हात फिरवला.

"एक आगर बिल्डिंगखाली गेलं," ते म्हणाले, "दुसरं मीच रंगवलं."

मला फार वाईट वाटलं. मला कुणी चोरू शकत नाही म्हणून मी मिरवत होतो, आणि माझ्याच माणसांना माझा उपयोग नव्हता.

रंजितानं डोळे पुसले. नवं खातं उघडलं, नवी जमीन घेतली. नव्या माणसाला पहिली उघाडी फुकट असते.

"बाबा, बांध कुठून घालू?"

ते सरकून तिच्याजवळ बसले आणि बोट लावून दाखवू लागले.

रंजिता, आता तो बारावा शब्द आठवत बसू नकोस. आम्ही टोकनं सगळी सारखीच असतो. तुला दुसरं मिळेल. लग्नाला अजून नऊ दिवस आहेत, तेवढ्यात बाबांकडून सगळं शिकून घे.