रिकाम्या सिंहासनावरची चटई

मित्रांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही दक्षिण समुद्रातल्या आमच्या बेटावर आला आहात. एका अंगणात, भर उन्हात, कुणी माणूस बसला आहे. त्यानं डोक्यावरून चटई पांघरली आहे. ती चटई म्हणजे मी.

मी आता जुनी झाले. तालालेआजीनं केवड्याच्या पातीचे दोऱ्याइतके बारीक पट्टे काढून मला दोन वर्षं विणलं. राजा लेआवासाच्या सिंहासनावर मला अंथरलं, तेव्हा आजी गावभर मिरवली.

मग परक्यांची तोफांची जहाजं आली. राजानं राज्य सोडल्याच्या कागदावर सही केली आणि तो मागच्या दारानं गेला. पहारेकऱ्यांना त्यानं सांगितलंच नाही. आजीचा मुलगा सेफो पुढच्या दारात उभाच राहिला. आत होतं कोण? एक खुर्ची आणि मी! आमच्यासाठी त्यानं गोळी झेलली. मला ओरडता आलं नाही, ही खंत अजून जात नाही.

पुढं दहा वर्षं मी कोठारात पडून होते; उंदरांनी मला कुरतडलं. राजा परतला, तो नुसता लेआवासा म्हणून. आमच्याकडे अपराध्यानं ज्याचं वाईट केलं त्याच्या घरासमोर चटई पांघरून बसायचं असतं. घरच्यांनी चटई उचलली, की माफी. लेआवासानं आधी आजीकडे नोकराच्या हाती कोरी चटई पाठवली.

"का रे, गुडघे दुखतात त्याचे? की माफी मागायलाही माणूस ठेवलाय?" आजी कडाडली.

दुसऱ्या दिवशी लेआवासा मला घेऊन स्वतः आला.

"तालाले, मीच आहे," तो माझ्याआडून म्हणाला. माझी वीण आजीनं ओळखली होती.

मित्रांनो, माझं भोक नवी पात घालून सांधता येतं. गेलेला माणूस तसा सांधता येत नाही. जागा सोडायचीच असेल, तर आपल्या भरवशावर उभ्या असलेल्यांना आधी सांगा.

ऊन चढलं. सेफोची मुलगी फेतू उंबऱ्यावर आली.

"आजी, उचलू का गं चटई?"

"खबरदार! बाप गेलाय तुझा."

"तुझा पण मुलगा गेला ना?"

"म्हणूनच. माझा हात उठत नाही अजून."

मग फेतूनं एक शहाळं फोडलं, माझा कोपरा वीतभर वर केला, शहाळं आत सरकवलं, आणि कोपरा होता तसा खाली सोडून ती आजीला टेकून बसली.