भोकाखालची कळशी

मित्रांनो, माझ्या लाकडाला जीभ लावून पाहिलीत तर ते अजूनही खारट लागेल. मी आइस्क्रीमचा एक जुना पॉट आहे. बाहेरून सागवानी बादली, आत कल्हई केलेला उभा डबा आणि वर फिरवायचा दांडा, असं माझं रूप. लाकूड किनवटच्या जंगलातलं. घडवलं मला कंधारच्या लिंबाजी सुतारानं. काठाखाली चार बोटांवर त्यानं एक भोक पाडलं आणि गिऱ्हाइकाला बजावलं, "हे बुजू देऊ नका. बर्फ वितळला की खारं पाणी इथून भाईर जायला पाहिजे. न्हाई तर डब्यात शिरंल."

ते गिऱ्हाईक म्हणजे मारोती, नांदेडला एका खानावळीत आचारी होते. त्यांनी मला लग्नाकार्यात मिरवलं. दांडा जड जायला लागला की आतलं घट्ट झालं हे ओळखून पोरं ओरडत, "झालं, झालं!" माझं इतकं कौतुक पुन्हा कधी झालं नाही. त्यांची मुलगी पंचशीला बी.ए. झाली, तिचं लग्न झालं आणि मी तिच्याबरोबर लातूरला आलो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पंचशीलाचा नवरा भीमा नव्या कचेरीत कारकून. राहायला एका ओळीतल्या खोल्या, आणि त्या नव्या जिल्ह्याचा पहिलाच उन्हाळा कोरडा निघाला. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. घरात भीमाची आई सरजाबाई होती, चाकूरकडच्या खेड्यातली. तिच्या तरुणपणी गावच्या विहिरीत तिच्या जातीला पोहरा टाकू देत नसत. कुणी वरून ओतलं तर तिची कळशी भरायची, आणि कुणी ओतेपर्यंत ती उन्हात उभी राहायची. म्हणून वाहून जाणारं पाणी दिसलं की तिचा हात आपोआप भांड्याकडे जाई.

पंचशीलाचं भिणं वेगळं होतं. तिची विशाखा चौदा महिन्यांची. पंचशीला पाणी उकळी, दुहेरी फडक्यानं गाळी, झाकण ठेवी आणि परत झाकण उचलून बघे. लेकरू शिंकलं तरी तिचा हात त्याच्या कपाळावर.

बुद्धपौर्णिमा आली. या दिवशी घरात खीर होते. पण चारा संपून म्हशी छावणीत गेलेल्या, दूध कुठून आणायचं? मारोतींनी नांदेडहून गोदावरीच्या वाळूतली खरबुजं एसटीनं पाठवली होती. पंचशीलानं ठरवलं, खिरीऐवजी खरबुजाचा गर माझ्यात गोठवू आणि ओळीतल्या सगळ्यांना वाटू. त्या सकाळी विशाखाला तीन वेळा पातळ झालं होतं. दात येत असतील, असं मनाला सांगून पंचशीलानं नर्सबाईनं शिकवल्याप्रमाणे उकळलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर घालून ते चमच्यानं पाजलं. पोरगी खेळायला लागली तेव्हाच तिनं खरबुजं चिरली.

बिया काढल्या, गर कुस्करून चाळणीतून गाळला, त्यात साखर, वेलची, वर लिंबू पिळलं. गोणपाटात बर्फ घालून बत्त्यानं फोडला. डब्याभोवती एक थर बर्फ, एक थर खडे मीठ. बर्फ कुठल्या पाण्याचा कोण जाणे, म्हणून ती डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा कोरड्या फडक्यानं पुसत होती. बर्फाचा कणसुद्धा तिनं आत जाऊ दिला नाही. सगळं लक्ष झाकणावर.

शेजारची शरणम्मा दारातून म्हणाली, "कलेक्टरसाहेबाला बी बोलवा की! जिल्हा केला, पाणी न्हाई दिलं, निदान बर्फ तर खाऊन जाऊ द्या!"

जमलेल्या शेजारणी हसल्या. तेवढ्यात माझ्या भोकातून धार लागली.

"आगं बया, पाणी वाया चाललंय!" सरजाबाईनं धावत कळशी आणून खाली लावली.

"आत्याबाई, मीठ आहे त्यात..." पंचशीला म्हणाली.

"असू दे की. मिठानं काय होतंय?"

पंचशीला पुढचं बोलणार होती, पण शरणम्मानं हाक मारली, "वाट्या किती आणू?" आणि ती दाराकडे वळली. बोलणं तिथंच राहिलं.

दांडा जड झाला. खरबूज केशरी, गार, चमच्याला चिकटणारं झालं. परातीत वाट्या मांडून पंचशीला निघाली. जाता जाता म्हणाली, "आत्याबाई, विशाखाला मधून मधून मीठ-साखरेचं पाणी द्या. नर्सबाईनं सांगितलंय तसं."

"जा तू. मी काय पहिल्यांदा लेकरू सांभाळायलेय?"

उकळलेलं पाणी तळाला घोटभर उरलं होतं. सरजाबाईनं थंड स्टोव्हकडे पाहिलं, मग कळशीकडे. पेलाभर पाणी काढून तिनं त्यात मूठभर साखर ढवळली. "मीठ तं हायच ह्यात. गार बी हाय. घे माझी माय, घोट घे."

मित्रांनो, मी बघत होतो. पण कुणी दांडा फिरवला तरच मला आवाज असतो.

लेकराला तहान होती. तिनं तोंड वाकडं केलं, तर सरजाबाईनं आणखी साखर घातली. अर्धा पेला गेला. मग ओकारी आली, परत आली, थांबेना. अंग ताठलं, डोळे वर गेले. पंचशीला रिकामी परात घेऊन दारात आली ती तशीच थबकली.

"काय दिलंत?"

"मीठ-साखरेचंच, बाई."

"पाणी कुठलं?"

सरजाबाईनं माझ्याकडे बोट केलं. पंचशीलानं पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं. पोरीला खांद्यावर टाकलं, डॉक्टरांना दाखवायला तो पेला हातात धरला आणि पळाली. वाटेवर पाणी सांडत गेल्याचं मला ऐकू येत होतं.

तीन दिवस पंचशीला दवाखान्यातच होती. डब्यात राहिलेलं खरबूज वितळलं, आंबलं. सरजाबाई माझ्याकडे पाठ करून बसली होती. शरणम्मानं पाण्याचा तांब्या पुढे केला की ती म्हणे, "पोरगी प्यायल्याबिगर न्हाई." भीमा दवाखान्यातून येई, मान हलवून परत जाई.

चौथ्या दिवशी विशाखा आली. जिवंत होती, पण रडायला आवाज नव्हता.

सरजाबाई भिंतीला टेकली. "माझ्याजवळ देऊ नको तिला. माझ्या हातानं..."

"आत्याबाई," पंचशीला म्हणाली, "मीठ आहे एवढंच मी बोलले. किती आहे ते बोललेच नाही. त्या पाण्यानं भांडी घासू, असं मी मनात म्हणत होते. तुम्हाला कसं कळणार?" आणि तिनं लेकरू सासूच्या मांडीवर ठेवलं.

मला त्या दिवशी माळ्यावर टाकलं. बादलीभोवतीची लोखंडी कडी गंजली, लाकूड वाळून फटी पडल्या. आषाढातल्या दमट दिवसांत अंगावर पांढरं मीठ फुलतं, आणि मला तो पेल्यात ढवळणारा चमचा ऐकू येतो. पंचशीला अजून सगळी झाकणं दोनदा उघडून बघते, पाणी देण्याआधी स्वतः चाखते. विशाखा पाच वर्षांची झाली तरी तिनं पाणी मागितलं की सरजाबाई, पुढ्यात भरला तांब्या असताना, दारात जाऊन हाक मारी, "पंचशीला, पोरगी पाणी मागायलीय!"

एका दुपारी पंचशीला बाहेर होती. सरजाबाईला ठसका लागला, जीव घाबरा झाला. विशाखानं माठातून पेला भरला, आधी स्वतः एक घोट घेतला, थोडं थांबली आणि मग पुढे केला. आईचं बघून शिकली असेल.

"घे आजी. गोडं आहे. मी चाखलंय."

सरजाबाई पेल्याकडे बघत राहिली. मग तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि पूर्ण प्याली.

मित्रांनो, मला कधी खाली काढलंत तर तेल लावा, कडी घट्ट करा, मी अजून गोठवू शकेन. पण माझी विनंती वेगळीच आहे. घरात भरलेलं भांडं ठेवाल तेव्हा त्यात काय आहे आणि ते कशासाठी आहे, हे पुरतं सांगा. कुणी दारातून हाक मारली तरी बोलणं अर्धं सोडून जाऊ नका.