शेवंतीच्या डोळ्याखालचा भोवरा

मी एक जुनी घोडी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते. दात झिजले, गुडघे सुजले, पण मान अजून कोणापुढे खाली घातलेली नाही. पातूरच्या बाहेर खुशालराव माळ्यांचा फुलांचा मळा आहे. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टिनाचं एक छप्पर आहे, त्याखाली मी उभी असते. नाव माझं मोरणा. अकोल्याच्या नदीचं नाव मला दिलं. त्या नदीत आता पाण्यापेक्षा जलकुंभीच जास्त दिसते, पण नाव देखणं आहे.

शाळेत मी गेले नाही. शाळेसमोरून नवरदेव नेले, तेवढंच माझं शिक्षण. म्हणून माझं बोलणं टोचलं तर टोचू द्या. गोड बोलणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील.

मी तापीकाठच्या बाजारातून इथे आले. तेव्हा आईच्या पोटाखालून डोकावणारं शिंगरू होते. खुशालराव त्या बाजारात नुसते पाहायला गेले होते. पण माझ्याजवळ येऊन थबकले. माझे चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. अशा घोडीला पंचकल्याणी म्हणतात. त्यांनी माझी हनुवटी वर केली, गळ्याखाली हात फिरवला आणि तिथे केसांचा भोवरा सापडताच त्यांचे डोळे चमकले. घोड्याच्या अंगावर केस जिथे गोल फिरतात त्याला भोवरा म्हणतात, आणि जाणती माणसं त्यावरून घोड्याचं नशीब सांगतात. गळ्याखालचा भोवरा म्हणजे देवमण, तो सगळ्यांत शुभ. खुशालराव गुडघ्यावर बसले आणि माझ्या खुरांना हात लावून पाया पडले. मला वाटलं, पडणारच. माझ्यात तेवढं आहेच.

खुशालरावांचा मुलगा बंडू, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. त्याने मला नाचायला शिकवलं. आमच्या वऱ्हाडात लग्नात डफडं वाजतं. बंडू मांडीवर डफडं घेऊन माझ्यासमोर बसायचा आणि मी चुकीचा पाय उचलला की वाजवणं थांबवायचा. बस्स, तेवढीच शिक्षा. मारलं कधी नाही. पण थांबलेलं डफडं मला चाबकापेक्षा जास्त लागायचं. मग मी रवाळ चाल शिकले, म्हणजे स्वाराच्या हातातल्या कपातला चहा सांडत नाही ती. शेवटी बाजेवर चढायला शिकले. फळ्या ठोकलेली एवढीशी बाज, तिच्यावर चार खूर आणि खाली सारं गाव. तिथे उभं राहून पुढचे दोन पाय एकामागून एक उचलायचे, पैंजण डफड्याशी जुळवायचे आणि मान मोरासारखी ठेवायची. करून पाहा एकदा.

बाळापूरपासून मेहकरपर्यंत माझं नाव झालं. "मोरणा येनार असंन तं तारीख धरा," असं लोक म्हणायचे. बायका माझ्या कपाळाला कुंकू लावायच्या, नवरदेवाला नंतर. खुशालरावांची बायको रुख्मिणी मला रोज चणे आणि सरकीची ढेप द्यायची आणि बोलायची मात्र कडू. "खाय बाई, खाय. नवऱ्यानं मले नाही केला येवढा लाड तुह्या नशिबी हाये." मी तिच्या पदराला नाक पुसायचे. आमचं दोघींचं बरं होतं. दोघी तोंडाळ.

मग मला शिंगरू झालं. रंग फिका, शेवंतीच्या फुलासारखा, पाय काडीसारखे. पडली, उठली, पुन्हा पडली, आणि उभी राहिली ती एकदम मान वर करूनच. माझी लेक ती. रुख्मिणी कंदील घेऊन वाकली आणि ओरडली.

"अवो, इकडे या! डोयाखाली भोवरा हाये हिच्या!"

खुशालराव धावत आले. त्यांनी लेकीच्या डाव्या डोळ्याखाली बोट लावलं आणि ते बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "आसूढाळ," ते म्हणाले. डोळ्याखाली भोवरा असलेला घोडा आसवं गाळतो आणि मालकालाही गाळायला लावतो, अशी समजूत आहे. ज्या बोटांनी माझ्या गळ्याखाली देवमण शोधला होता, त्याच बोटांनी लेकीचं नशीब ठरवलं. तिचं वय तेव्हा एका पहाटेचं होतं.

नाव ठेवलं शेवंती, पण ते बंडूने. खुशालराव तिला नावाने कधी बोलवत नसत. "ते" म्हणायचे. ते खाते काय, ते पेते काय. वरातीला तिला न्यायचं नाही, दारात बांधायचं नाही, सणाला ओवाळायचं नाही, असं ठरलं. पुढे विकायचं म्हणावं तर घेणारा भोवरा पाहून मागे फिरे.

पण मित्रांनो, नाच कोणाला विचारून येत नाही. बंडू मला डफड्यावर सराव द्यायचा तेव्हा शेवंती माझ्या मागे, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगापाशी उभी असायची. एक दिवस बंडू वाजवायचा थांबला. मी पाहिलं, माझा पाय तर बरोबर होता. मागे वळले, तर शेवंती तोच पाय उचलून उभी. कोणी शिकवलं नाही, गूळ दिला नाही. बंडूने डफडं पुन्हा वाजवलं. तिने माझ्यापेक्षा हलका पाय टाकला. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. आईला कमीपणा वाटावा अशी लेक मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

माझे गुडघे तोवर दुखू लागले होते. वराती डीजेच्या गाड्यांमागे जाऊ लागल्या होत्या. माझ्यानंतर हा नाच राहील तर शेवंतीच्या पायात राहील, नाहीतर माझ्याबरोबर संपेल, हे मला कळत होतं. मला दुसरं काही नको होतं. लेकीने एकदा सगळ्यांसमोर बाजेवर चढावं, आणि मग चढतच राहावं.

त्या हिवाळ्यात अकोल्यात घोड्यांचा मोठा खेळ भरला. बंडूने बापाशी भांडण केलं.

"बाबा, एक डाव नेऊ द्या तिले."

"लोकं थुकतीन माह्या तोंडावर. आसूढाळ घेऊन आला म्हनतीन माळी."

"कोनाले दिसनार नाही. मी गोंडे बांधतो."

"बांध बाप्पा. झाकून झाकून किती झाकशीन?"

बंडूने लाल लोकरीच्या गोंड्यांची मोरखी तिच्या तोंडावर चढवली. डोळ्याखालचा भोवरा गोंड्यांत लपला. आम्हा दोघींना घेऊन तो अकोल्याला गेला.

काय घोडे होते ते! मी कोणाची फुकट स्तुती करत नाही, पण तिथे केली. कानांची टोकं एकमेकांना टेकलेले उंच घोडे होते. दुधासारखे पांढरे नुकरे होते, सहा जण एका ओळीत चालले तर जणू एकच घोडा आरशांत दिसतो आहे. एक काळा घोडा भरधाव आला, त्याच्या स्वाराने भाल्याने जमिनीतली खुंटी उपटली आणि घोड्याने आपली चाल तसूभरही मोडली नाही. पैज स्वाराने जिंकली असं लोकांना वाटलं. मला ठाऊक, ती घोड्याच्या खांद्याने जिंकली. एक घोडी मागच्या पायांवर उभी राहिली आणि पाच पावलं तशीच चालली. घामाने तिची पाठ चमकत होती आणि पोटाखाली शिरा दोरीसारख्या उभ्या होत्या. देखणेपण म्हणतात ते हे. ते अंगावर रंगवलेलं नसतं, कष्टाने आतून वर येतं.

मग शेवंतीची पाळी आली. ती बाजेपाशी गेली. फळीवर एक खूर ठेवला, वास घेतला आणि चढली. बंडूने डफड्यावर थाप मारली. मी पाहत राहिले. तिचे पुढचे पाय फळीला टेकतात की नाही ते कळत नव्हतं, पैंजण मात्र एकही ठेका सोडत नव्हते. मध्येच कोणाच्या तरी पोराच्या हातातला फुगा फुटला. सारे दचकले. शेवंतीने तो आवाजसुद्धा ठेक्यात घेतला, मान एका बाजूला झटकली आणि नाच पुढे. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. खुशालराव मागाहून येऊन गर्दीत मागे उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवली. पोरीला "ते" म्हणणारा माणूस ओरडत होता, "शेवंती! माही शेवंती!"

देवीदास नावाचा अमरावतीचा एक मोठा घोडेवाला तिथे होता. त्याच्याकडे नाचणाऱ्या घोड्यांचा ताफा, गावोगावच्या यात्रांत त्याचे खेळ. तो म्हणाला, "खुशालराव, ही पोरगी माह्या ताफ्यात पाहिजे. बंडूले बी घेतो संगं. उद्या मळ्यात येतो."

दुसऱ्या दिवशी तो आला. चहा झाला. त्याने शेवंतीचे दात पाहिले, खूर पाहिले, आणि मोरखी काढली. हात तसाच राहिला त्याचा.

"हे काय खुशालराव? गोंड्याखाली आसूढाळ झाकून ठेवली व्हय?"

खुशालरावांची मान खाली गेली. बंडू म्हणाला, "काका, काल नाचली तेव्हा तुमाले भोवरा दिसला काय?"

"नाचाचं सोड बापू. यात्रेतले लोकं पहिले भोवरा पाहातेत. पन एक उपाव हाये. डाग द्या त्याच्यावर. केस जयले का भोवरा गेला, भोवरा गेला का दोष गेला. जखम भरली का सांगा, मी येतो."

बंडू "नाही" म्हणाला. खुशालराव मात्र देवीदासला रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. मला तेव्हाच भीती वाटली.

पहाटे बंडू झेंडूची पोती घेऊन अकोल्याच्या बाजाराला गेला. तो वळणावर दिसेनासा झाला आणि खुशालरावांनी चुलीत खुरपं घातलं. ज्या खुरप्याने शेवंतीच्या वाफ्यातलं तण काढतात, ते. रुख्मिणी धावत आली.

"अवो, डोयाजवळ आगीचं काय काम? पोरीले आंधळी करता काय?"

"तू गप. जलमली तेव्हा तूच पयली बोंबलली होती, भोवरा हाये म्हनून."

"बोंबलली होती. तोंडानं बोंबलली होती. खुरपं नाही लावलं मी."

"तिच्याच भल्यासाठी करून राहिलो ना! उद्या राणीवानी राहीन ते त्या ताफ्यात."

हे ते खरंच मानत होते, मित्रांनो. माणूस दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. परवा टोपी हलवणारा हात आज तिच्या मानेवर प्रेमाने फिरत होता, आणि दुसऱ्या हातात तापलेलं खुरपं होतं. दोन गड्यांनी तिचं डोकं धरलं. मी खुंट्याला हिसके दिले, टापा आपटल्या, किंचाळले. "मोरणाले काय झालं पाहा रे," असं कोणीतरी म्हणालं. खुरपं जवळ आलं तेव्हा शेवंतीने मान झटकली. जशी फुग्याच्या आवाजाला झटकली होती तशीच.

डोळा गेला.

गुरांचा डॉक्टर आला, त्याने थेंब दिले आणि खुशालरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. बंडू परत आला. तो ओरडला नाही. त्याने पाण्यात कापड भिजवून तिचं तोंड पुसलं आणि बापाला विचारलं, "गेला ना भोवरा, बाबा?"

भोवरा खरंच गेला होता. त्या जागी केस पुन्हा आले नाहीत. पण मेलेल्या डोळ्यातून पाणी सुरू झालं ते थांबेना. आणि आता ऐका, मला सगळ्यांत जास्त जाळणारी गोष्ट. आजूबाजूचे मळेवाले पाहायला आले. खुशालरावांनी डोळे पुसत त्यांना सांगितलं, "म्हनत नव्हतो मी? आसूढाळ घरात पानी आनतेच. भोवरा खरा निंगाला." आणि त्या सगळ्यांनी माना हलवल्या. एकट्या रुख्मिणीने दारातून म्हटलं, "भोवरा नाही निंगाला खरा. तुमी खरा केला." तिचं कोणी ऐकलं नाही. तोंडाळ बाईचं खरं बोलणंही लोक तोंडाळपणातच मोजतात.

देवीदास आला नाही. बंडूने शेवंतीला पुन्हा बाजेवर चढवून पाहिलं. उजवीकडून चढे, पण डावी बाजू तिला दिसेना. खूर फळीबाहेर पडला आणि ती कोसळली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. मग डफडं वाजायला लागलं की ती थरथर कापू लागली. बंडूने डफडं आढ्याला टांगलं ते आजवर उतरवलं नाही.

उन्हाळ्यात खुशालरावांनी तिला वीटभट्टीवर विकलं आणि भट्टीचा टेम्पो आला. शेवंती फळीवरून वर चढेना. भट्टीवाल्याने काठी उचलली तेव्हा बंडू पुढे झाला. "मारू नको. मी चढवतो." तो तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला आणि तोंडाने हळूच डफड्याचा ठेका म्हणू लागला. आता तिने थरथर कापायला हवं होतं. पण त्याच्या तोंडचा आवाज तिला भरवशाचा वाटला असेल. ती चढली. वर गेल्यावर तिने एक पाय उचलला आणि उचललेलाच ठेवला. बाजेवर चढल्यावर ठेवतात तसा. नाच सुरू व्हायची वाट पाहत. टेम्पोचा फाळका लागला तेव्हाही तो पाय वरच होता. बंडू मळ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी हाका मारल्या. तिने उत्तर दिलं, रस्ता वळेपर्यंत दिलं.

मला अजूनही लोक पाहायला येतात. पंचकल्याणी, देवमणवाली, भाग्याची घोडी म्हणतात. माझ्या पायांना हात लावतात. एके काळी मला ते गोड वाटायचं. आता कोणी गळ्याखाली हात घातला की मी दात दाखवते. ज्या मोजमापाने मी शुभ ठरले त्याच मोजमापाने माझी लेक जळली, तर ते शुभ माझ्या काय कामाचं? भट्टीवरून येणारे गडी सांगतात, एका डोळ्याने काणी अशी एक घोडी आहे तिथे, माती ओढते. त्याहून जास्त मी विचारत नाही.

मित्रांनो, घोड्यांचा खेळ पाहायला जाल तेव्हा टाळ्या वाजवा, आमच्या मानेचा बाक पाहा, पायांची लय पाहा. पण टाळ्या वाजवून घरी आलेला माणूसच दोन दिवसांत खुरपं तापवतो, हे मी पाहिलं आहे. म्हणून नुसतं कौतुक करून थांबू नका. कोणी जनावराच्या अंगावरची खूण दाखवून त्याचं नशीब सांगू लागला तर त्याला विचारा, की हे तुला कोणी सांगितलं? आणि चुलीत लोखंड दिसलं तर मोठ्या माणसाचा हात धरा. तुमचा हात लहान असेल, तरी धरा. मी धरला असता. मला हात नाहीत.