त्रेचाळिसावा अननस

फिफामे अननस कानाने ओळखते. टोकोमे गावचा अननस पिकला तरी हिरवाच राहतो, त्यामुळे डोळ्यांचा तिथे काही उपयोग नाही. बोटाच्या पेराने फळ वाजवायचं आणि ऐकायचं. पोकळ वाजला की कच्चा, भरीव वाजला की तयार. हे तिला हुनसी आजीने शिकवलं. आजीने गावातल्या प्रत्येक पोरीला शिकवलं, आणि तीन वर्षांपूर्वी ओगुंदेले साहेबांनाही शिकवलं, जे खरं तर प्रकल्पातर्फे गावाला शिकवायला आले होते.

ती गोष्ट गावात अजून सांगतात. साहेब मोटारसायकलवरून उतरले, कोटोनू शहरातून आणलेली वही उघडली आणि विचारलं, "पिकलेला कसा ओळखता?" आजीने त्यांच्या कपाळावर टिचकी मारली आणि म्हणाली, "असा वाजला तर कच्चा." मग दंडावर मारली. "असा वाजला तर पिकलेला." बायका हसून हसून लोळल्या. साहेबांनी मात्र ते निमूटपणे वहीत लिहून घेतलं, आणि त्याच दिवसापासून साहेब गावाचे झाले.

त्याआधीचं गाव फिफामेला नीट आठवतं. दूरदेशीच्या गिऱ्हाइकाला हिरवं म्हणजे कच्चं वाटायचं, म्हणून व्यापारी औषध देऊन जायचे. ते फवारलं की चार दिवसांत अननस पिवळाधमक. एका वर्षी तिकडच्या तपासणीत त्या औषधाचा अंश नको तेवढा निघाला, अख्खा माल जाळून टाकला गेला, आणि व्यापारी पुन्हा फिरकले नाहीत. दोन हंगाम अननस रस्त्याच्या कडेला सडले. शेवटी शेळ्यासुद्धा तोंड फिरवायला लागल्या.

मग प्रकल्प आला. पैसा परदेशी सरकारांचा, कागद कोटोनूचे, आणि दर मंगळवारी धूळ नाहीतर चिखल अंगावर घेऊन येणारे ओगुंदेले साहेब. ते मूळचे केतूकडचे, नागो भाषा बोलणारे, त्यामुळे टोकोमेची बोली त्यांच्या तोंडात अशी काही वाकडीतिकडी व्हायची की पोरं झाडामागे लपून नकला करायची. पण फवारा बंद झाला. प्रत्येक वावराला नंबर मिळाला. पॅकिंगची शेड उभी राहिली, छतावर सोलर, आत थंड खोली. फळ तपासून द्यायला कोटोनूची प्रयोगशाळा मिळाली. आणि गोडी मोजायची ती छोट्या दुर्बिणीसारखी नळी मिळाली. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, डोळ्याला लावायची, आकडा वाचायचा. ती नळी फिफामेच्या गळ्यात असते, कारण गटात न अडखळता फ्रेंच वाचणारी तीच. सोळा वर्षांची, अलादाच्या शाळेत जाणारी पोर, आणि दर शनिवारी त्रेचाळीस बायका फळ हातात धरून तिच्यापुढे उभ्या. कुणाच्याही डोक्यात थोडी हवा गेली असती. तिच्या गेलीच होती.

आज शनिवार होता आणि आज पहिली खेप निघणार होती. मधला व्यापारी नाही, दुसऱ्याच्या नावाचा शिक्का नाही. दोनशे खोके, प्रत्येकात आठ अननस, प्रत्येक खोका बारा किलो, आणि प्रत्येकावर छापलेलं "टोकोमे महिला गट". रात्रीच्या विमानात जागा मिळाली होती. ब्रुसेल्सचा घेणारा म्हणाला होता, ही खेप नीट पोचली तर दर पंधरा दिवसांनी एवढीच घेईन. नाही पोचली तर त्याच्याकडे दुसरी गावं होतीच.

बाराच्या सुमाराला सरकारी तपासणीच्या हूंगबो बाई आल्या. उंच, बारीक, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी पाणी घेतलं, खुर्ची नाकारली, आणि ढिगातून आपल्या मनाने दहा खोके काढायला लावले. एकेक काट्यावर चढला. बारा. बारा. बारा किलो पन्नास ग्रॅम. बाईंनी खोका उघडून फळं हुंगली, उलटी केली, नंबर यादीशी पडताळला.

नववा खोका चालू असताना फिफामेची आई, आलुग्बा, तिच्या कानाशी आली. चेहरा असा की घरात लग्न ठरलंय.

"बघ, बाईंना एकही सापडला नाही."

"काय सापडला नाही?"

"वरचा."

फिफामेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुठला वरचा, आई?"

"अगं, बाजारात कुणी टोपलीभर माल घेतला तर आपण वरचं एक देतो ना? त्याशिवाय गिऱ्हाईक टोपली उचलतं का? मग ज्यांनी आपल्याला थंड खोली दिली त्यांना कोरडं पाठवायचं? प्रत्येकीने आपल्या परसातला एक आणला. छोटे छोटे, पण मधासारखे. तुरे बाजूला करून मधे बसवलेत. तुला मुद्दामच सांगितलं नाही, तू लगेच नियम वाचून दाखवतेस."

"आई, थंड खोली देणारे वेगळे आणि हे अननस विकत घेणारे वेगळे."

"असतील शेजारी शेजारी राहणारे," आई म्हणाली. "देतील एकमेकांना."

फिफामे खोक्यांच्या ढिगाकडे बघायला लागली. परसाला नंबर नसतो. परसातलं फळ प्रयोगशाळेत गेलेलं नसतं. कुणाच्या परसाला लागून भोपळ्याचा वेल असतो, त्यावर कुणी काय मारलंय देव जाणे. त्यातला एक जरी तिकडे तपासणीत सापडला तर खोक्यावर दुसऱ्या कुणाचं नाही, टोकोमेचं नाव होतं. आणि प्रत्येक खोक्यावरचा वावराचा नंबर तिच्या स्वतःच्या अक्षरात होता, शेपटीला छान वळण दिलेल्या सातासकट.

दहावा खोका पास झाला. हूंगबो बाईंनी पिशवीतून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली.

आता गप्प राहणं किती सोपं होतं बघा. दहाच्या दहा पास झाले होते. ट्रक दारात होता. पलीकडे दोसी मावशी, गटाची प्रमुख, नवा कोरा कपडा कमरेला गुंडाळून राणीसारखी उभी होती. आणि ओगुंदेले साहेब दाराला टेकून असे काही हसत होते की त्यांच्याकडे बघूनच फिफामेला रडू यायला लागलं. हा माणूस तीन वर्षं प्रत्येक मंगळवारी आला. एकदा पूल वाहून गेला तेव्हा मोटारसायकल ढकलत आला. त्याला आपण शेवटी हे द्यायचं?

"बाई, शिक्का नका मारू," ती म्हणाली.

फिफामेने सगळं सांगितलं. आवाज आधी कापला, मग शाळेत कविता म्हणताना येतो तसा धीट झाला. कुणाचं नाव तिने घेतलं नाही, पण आईने आपण होऊनच डोकं खाली घातलं.

"किती आहेत?" बाईंनी विचारलं.

"त्रेचाळीस. बाईगणिक एक."

"कुठल्या खोक्यांत?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणाला माहीत असणार? खोके सगळे सारखेच.

हूंगबो बाईंनी शिक्का परत पिशवीत ठेवला. "खरं म्हणजे मी आता निघून जायला हवं." त्यांनी घड्याळ बघितलं, मग फिफामेकडे बघितलं, चष्म्याच्या वरून, जरा जास्तच वेळ. "साडेबारा झालेत. ट्रक अडीचला सुटायला हवा. तोवर मी थांबते. पण त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस. बेचाळीस मिळाले तर शिक्का नाही."

"सगळ्या पाहुणचाराचं वाटोळं केलंस," आई दातांतल्या दातांत पुटपुटली.

"आई, आधी खोके."

ज्यात वरचा, तो खोका जड भरणार; पण काटा एकच. एकेक खोका चढवायचा, स्थिर होऊ द्यायचा, उतरवायचा. साहेबांनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. "चार तास लागतील."

"काट्याची वाट कोण बघतंय?" दोसी मावशी म्हणाली आणि नवा कपडा वर खोचला. "डोक्यावर द्या."

या बायकांनी चालायला लागल्यापासून डोक्यावर ओझी वाहिलेली. पाणी, लाकूड, मका, धाकटी भावंडं. दोसी मावशीच्या डोक्यावर पहिला खोका ठेवला. ती डोळे मिटून दोन पावलं चालली. "बारा." दुसरा. "बारा." तिसरा. "हा जड आहे. कुणीतरी लठ्ठ बसलाय आत." उघडला, तर तुऱ्यांच्या मधोमध मुठीएवढ्याहून थोडा मोठा, हिरवागार अननस, पाहुण्यासारखा ऐसपैस.

हूंगबो बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी "बारा" म्हणून बाजूला ठेवलेले चार खोके काट्यावर चढवले. चारही बारा. मग त्या काट्याजवळची जागा सोडून सावलीत जाऊन बसल्या. खुर्चीवर.

मग काय विचारता. वीस बायका डोक्यावर खोके घेऊन शेडमध्ये गोल फिरायला लागल्या, बाकीच्या उघडायला, बंद करायला, पट्टी लावायला. "बारा." "बारा." "जड." "अगं हा माझाच, बघ खालून वाकडा आहे." "तुझ्या परसातलं सगळंच वाकडं, त्यात काय नवीन." ट्रकचा ड्रायव्हर आधी दारातून बघत होता, मग तोही पट्ट्या लावायला बसला. ओगुंदेले साहेबांनी एक खोका स्वतःच्या डोक्यावर घेऊन बघितला. "साडेअकरा?" ते म्हणाले. तो खोका साडेबाराचा निघाला. बायका इतक्या हसल्या की दोघींना खोके खाली ठेवावे लागले.

दोन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा खोका डोक्यावरून उतरला. फिफामेने टेबलावर ओळीने मांडलेले अननस मोजले. परत मोजले.

बेचाळीस.

फिफामेने गटाची यादी काढली आणि एकेक नाव वाचलं. प्रत्येक बाई पुढे येऊन आपल्या परसातल्या फळावर हात ठेवायची. आपलं फळ कुणाला ओळखू येत नाही? दोसी मावशीने ठेवला. आईनेही ठेवला, लेकीकडे न बघता. यादी संपत आली आणि एकाच नावाला कुणी पुढे आलं नाही.

हुनसी आजी कोपऱ्यात उलट्या क्रेटवर बसून पानात गुंडाळलेला आकासा, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा गोळा, तळलेल्या माशाबरोबर सावकाश खात होती.

"आजी, तुझा कुठल्या खोक्यात आहे?"

"खोक्यात? मी कशाला खोक्यात ठेवू?"

"आजी, दोन वाजून पंधरा मिनिटं झालीत."

"मग मी काय करू? ठरलं काय होतं? ज्याने आपल्याला दिलं त्याला वरचं द्यायचं. आता मला विमान माहीत नाही, ते तुमचं ब्रुसेल्स का काय ते माहीत नाही. पैसे कुणाचे होते तेही मला कुणी नीट सांगितलेलं नाही. मला हा माहीत आहे." आणि माशाचा काटा धरलेलं बोट तिने ओगुंदेले साहेबांकडे केलं. "तिथे ठेवलाय. त्याच्या फटफटीच्या पिशवीत."

साहेब बाहेर गेले. आत आले तेव्हा त्यांच्या हातात पावसाळी कोटात गुंडाळलेला एक अननस होता. त्यांनी तो टेबलावर ओळीच्या शेवटी ठेवला, आणि हात लगेच काढून घेतला नाही.

हूंगबो बाई उठल्या. त्यांनी स्वतः मोजलं, बोट लावून. "त्रेचाळीस," त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला. एवढा जोरात की टेबल हललं.

ट्रक दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी निघाला. बायका रस्त्यापर्यंत मागे चालत गेल्या, गाणं म्हणत, जोरजोरात, बेसूर. फिफामे मात्र शेडमध्येच राहिली. तिला आभार मानायचे होते, सगळ्यांचे, समुद्रापलीकडच्या त्या न बघितलेल्या माणसांचे, थांबून राहिलेल्या बाईंचे, डोक्यावर खोके घेऊन फिरणाऱ्या मावश्यांचे, आणि एकही नीट वाक्य सुचत नव्हतं, तिला, जिला नेहमी दहा सुचतात.

आई आत आली. टेबलावरून आपला अननस उचलून तिने लेकीच्या हातात ठेवला.

"हा तुला. तुझ्या कागदात बसतो का बघ."

"आई, मी तुझं नाव घेतलं नव्हतं."

"माहीत आहे." आईने तिच्या गळ्यातली नळी सरळ केली. "आणि घेतलं असतंस तरी चाललं असतं. शाळेत काय फुकट घातलंय तुला?"

उरलेल्यांतला एक दोसी मावशीने हूंगबो बाईंच्या हातात कोंबायचा प्रयत्न केला. बाईंनी हात मागे घेतले. "मला नाही चालत. नियम आहे."

"मग इथेच खा. पोटाला कुठे नियम असतो?"

बाईंनी थोडा विचार केला आणि एक फोड घेतली. मग आणखी एक.

ओगुंदेले साहेब आजीसमोर जमिनीवर बसले होते, तो कोटातला अननस मांडीवर घेऊन. त्यांनी बोटाच्या पेराने तो वाजवला, कान खाली नेला. "भरीव," ते म्हणाले, त्यांच्या त्या वाकड्यातिकड्या बोलीत.

आजीने हात पुसले, पुढे वाकली आणि त्यांच्या कपाळावर टिचकी मारून ऐकलं.

"हं," ती म्हणाली. "आता जरा बरा वाजतोयस."