नाव घालणारा माणूस

मिस्किटांच्या घरात माणसं दहा आणि ताटं अकरा, हे मनालीच्या तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं.

तिला मोजायची खोड होती आणि वाचायची तर त्याहून मोठी. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं, रिक्षाच्या पाठीवरचे मजकूर, वाण्याच्या पुडीचा कागद, दिसेल ते ती वाचून काढी. मरोळ गावठाणातल्या त्या घरात वाचण्यासारखं फारसं नव्हतं. देवघरासारख्या कोनाड्यात येशूच्या तसबिरीखाली एक जाडजूड बायबल होतं, भिंतीवर चर्चची दिनदर्शिका होती आणि मांडणीत ताटं होती. स्टीलच्या प्रत्येक ताटाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. इजाबेल म्हणजे आजी. आंतोन आणि ब्रिजेट म्हणजे ज्यांनी मनालीला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, गार्गीला, संस्थेतून इथे आणलं ते अंकल-आंटी. फेलिक्स म्हणजे अंकलचा बिनलग्नाचा भाऊ. त्यानंतर सहा मुलांची सहा ताटं, कॉलेजात जाणाऱ्या लोर्नापासून सात वर्षांच्या जुळ्यांपर्यंत. झाली दहा. आणि सगळ्यांच्या खाली, काठ झिजलेलं, अकरावं ताट. त्यावर नाव होतं लवू.

लवू नावाचं त्या घरात कोणीच नव्हतं.

मनाली आणि गार्गीला जेवायला काचेच्या ताटल्या मिळत, कपाटातल्या, निळ्या फुलांच्या. गार्गी सात वर्षांची; ती भातापेक्षा फुलांकडेच जास्त बघे. मनाली अकराची होती. घरातल्यांचं स्टील आणि पाहुण्यांची काच, एवढं तिला गोवंडीच्या मावशीकडे राहूनच कळलं होतं. पाहुणे जातात. म्हणून तिने आपली बॅग अजून उघडून लावली नव्हती. लागेल तेवढा फ्रॉक काढायचा आणि चेन पुन्हा लावून टाकायची.

महिनाभर राहून बघायचं, असं संस्थेच्या कुंदाताईंनी सांगितलं होतं. महिना संपला की त्या येणार, घरच्यांना विचारणार आणि मुलींनाही विचारणार, राहायचंय का म्हणून. मनालीला राहायचं होतं. कबूल करायची तिची तयारी नव्हती, पण होतं. इथे सकाळी बाटल्यांत भरून ठेवलेल्या घरच्या मसाल्याचा वास यायचा, सगळे एकदम बोलायचे, आणि गार्गी आल्यापासून एकदाही झोपेत रडली नव्हती. अडचण एकच होती. संस्था सोडायच्या आदल्या दिवशी वेणी घालताना मोठ्या अक्षताने तिला सांगितलं होतं, ‘ख्रिश्चनांकडे चाललीस ना? नाव बदलतात तिथे. बघच तू.’

मनालीने तेव्हा ते हसून घालवलं. पण तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती पाणी प्यायला गेली, तर ओट्यापाशी ब्रिजेट आंटी आजीला सांगत होती की रविवारी तो येतोय, दोघींची नावं घालून टाकू, मग शनिवारी कुंदाताई येईल. त्यावर आजी म्हणाली, ‘मंग? नाव घातल्याबिगर कसं चालंल?’

मनाली पाणी न पिताच मागे फिरली.

घाबरण्याआधी नीट माहिती काढावी, हा तिचा स्वभाव. संध्याकाळी लोर्ना दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. मनालीने शेजारी बसत सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे नाव कधी घालतात.

‘आलं कोणी घरात की लवकरच,’ लोर्ना म्हणाली. ‘जुळ्यांचं तर पंधरा दिवसांत घातलं. काय रडली दोघं तो आवाज ऐकून!’ मग मनालीचा चेहरा बघून ती हसली. ‘तुझं पण घालणार गं. दुखत नाही.’

‘आणि लवूचं?’

‘त्याचं तर आजीने मागे लागून घालून घेतलं. मी जन्मले पण नव्हते तेव्हा,’ एवढं सांगून लोर्ना क्लासला पळाली.

आता मनाली कामाला लागली. लवूचं नाव घातलं गेलं, आणि लवू नावाचं कोणी उरलं नाही. याचा अर्थ लवूचा दुसराच कोणीतरी झाला, आणि तो याच घरात असणार. तिने एकेकाला पारखायला घेतलं. आंतोन अंकलचं नाक हुबेहूब आजीचं, तेव्हा ते बाद. लोर्ना आणि तिच्याहून लहान पाचही मुलं बाद, कारण तेव्हा लोर्नाचाही जन्म नव्हता. तसंही मुलांत पोटचं कोण आणि आलेलं कोण हे तोंडावरून ओळखू येईना. जुळी आंटीसारखीच मान वाकडी करून ऐकत, आणि ती तर पाळण्यातली असताना चर्चच्या आवारात सापडलेली, असं गार्गीला त्यांनीच मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. राहता राहिला फेलिक्स. कमी बोलणारा, एकटाच तुळशीला आणि गुलाबांना पाणी घालणारा. एका सकाळी तो अंगणात पाठमोरा असताना मनाली हळूच म्हणाली, ‘लवू.’

फेलिक्स गर्रकन वळला. ‘कुठाय?’ म्हणून त्याने फाटकाकडे पाहिलं.

मनाली आत पळाली. त्या ‘कुठाय’चा अर्थ काही लागेना, पण माणूस वळला हे खरं. आपल्या जुन्या नावाला तो अजून ओ देतो, असा तिने निष्कर्ष काढला आणि तिला त्याची फार दया आली.

तिचं स्वतःचं नाव आईने ठेवलेलं. आई जिथे धुणीभांडी करायची त्या घरातून एक जुनं कॅलेंडर आणलं होतं; त्यात बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं आणि खाली मनाली असं लिहिलेलं. आईने बर्फ कधी पाहिलं नाही. देवनारच्या पलीकडेही ती फारशी गेली नसेल. पण चित्र जपून ठेवलं आणि मुलगी झाल्यावर तिला ते नाव दिलं. आई गेली तेव्हा ते चित्र कुठे गेलं कोण जाणे. नाव तेवढं राहिलं होतं.

रविवारी सकाळी घरचे चर्चमध्ये मिसाला गेले. तुम्हाला यायचंय का, असं आंटीने दर रविवारी विचारलं होतं, आणि मनाली नको म्हणाली की बरं म्हणून ती निघायची. आजही तसंच झालं. मनालीने गार्गीला न्हाणीघरात नेऊन दार लावलं आणि समजावलं. आपल्याला इथे राहायचंय. त्यासाठी मी माझं नाव देणार, मोनिका म्हणून. म अक्षर तरी तेच राहतं. तुझं राहू दे असं मी सांगून बघते.

गार्गीने बादलीतल्या पाण्यात बोट फिरवलं. मग विचारलं, ‘पण आईला कसं कळेल तू कोण ते?’

मनालीने नळ सोडला. तिने गार्गीचं तोंड धुतलं आणि दोघी बाहेर आल्या.

अकराच्या सुमाराला घर पुन्हा भरलं. आंटीने कढई चढवली, फुगे तळायला घेतले. पिठाचे टम्म फुगलेले गोळे तेलात आपोआप उलटत होते. तेवढ्यात फाटक वाजलं. चाळिशीचा एक माणूस खांद्यावर पिशवी टाकून आत आला, आणि सगळं घर त्याच्याकडे धावलं. तो पाद्रीसारखा दिसत नव्हता. चौकड्यांचा शर्ट, खिशाला पेन. आजीच्या पाया पडून तो जमिनीवर बसला आणि पिशवीतून वायर गुंडाळलेलं एक छोटंसं मशीन काढलं. आंटीने दोन कोरी ताटं त्याच्यापुढे ठेवली.

मनाली ताटांकडे बघत नव्हती. ती माणसाच्या समोर जाऊन उभी राहिली, गार्गीचा हात घट्ट धरून, आणि पाठ केलेलं एका दमात बोलली.

‘माझं मोनिका घाला. हिचं नका बदलू. ही लहान आहे, हिच्या लक्षात राहणार नाही.’

आंटी झारा हातात घेऊन तशीच उभी.

‘मोनिका कोण गो?’ आजीने विचारलं. ‘आपल्यात मोनिका कोण नाय.’

माणसाने खिशातून एक चिठ्ठी काढली. ‘ब्रिजेटमायने मला फोनवर मनाली आणि गार्गी असं सांगितलंय,’ तो म्हणाला. ‘हे बघ, लिहून आणलंय. ली दीर्घच ना? एकदा उठलं की खोडता येत नाही, म्हणून विचारतो.’

मनालीने चिठ्ठी वाचली. मग पहिल्यांदा मशीनकडे पाहिलं, मग ताटांकडे. कानांच्या पाळ्या तापल्या तिच्या.

‘तुमचं नाव काय?’ तिने विचारलं.

‘लवू.’

त्याने मांडणीतलं तळाचं ताट ओढून मांडीवर घेतलं. आपण नऊ वर्षांचे असताना या घरी आलो, हे त्याने मशीनची वायर सोडवता सोडवता सांगितलं. आता घाटकोपरला भांड्यांच्या दुकानात नावं घालतो, दिंडोशीला राहतो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी इथे या ताटात जेवतो. ‘लवू आलो, लवूच राहिलो,’ तो म्हणाला. ‘माझ्याकडे गणपती बसतो तेव्हा ही सगळी फौज येते. हा फेलिक्स एकटा एकवीस मोदक उडवतो.’

‘अठरा,’ फेलिक्स म्हणाला.

‘पण मग ताटावर नाव कशाला?’ मनालीने विचारलं. आता तिला खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं.

आजीने तिला जवळ बसवून घेतलं. गावठाणात लग्न असलं, क्रुसाचा सण असला की घराघरातून ताटं गोळा होतात, हे तिने सांगितलं. शंभर ताटं एकात एक मिसळतात. ‘घरातच राहणाऱ्या भांड्याला नाव कनाला पायजे?’ आजी म्हणाली. ‘जे भाईर जातंय त्याला पायजे. मंग ते कुटंपन जावंदे, फिरून घरी येतंय.’

मशीन घर्र वाजायला लागलं. जुळ्यांनी कान झाकले. ताटाच्या काठावर ठिपका ठिपका उमटत गेला, म, ना, आणि दीर्घ ली. मनालीने अंगठा फिरवून पाहिला. अक्षरं अजून खरखरीत होती. गार्गीचं ताट झालं तेव्हा मात्र गार्गीने भोकाड पसरलं. तिला निळ्या फुलांचीच ताटली हवी होती. शेवटी ताटात ताटली ठेवून तिला वाढावं लागलं.

फुगे गरम होते, पण मनाली पानावरून उठली. आत जाऊन तिने बॅगेची चेन पुरती उघडली, रोज शाळेतून आल्यावर आत टाकून ठेवायची ती स्टीलची पाण्याची बाटली काढली आणि लवूच्या पुढे धरली.

‘हिच्यावर पण घाला.’

‘मनाली?’

‘ते घालाच. पण त्याच्याखाली मिस्किटांचं घर, मरोळ गावठाण असं घाला,’ ती म्हणाली. ‘बाटली रोज बाहेर जाते.’

लवूने बाटली फिरवून जागा किती आहे ते पाहिलं. मग तिच्याकडे न बघताच विचारलं, ‘मिस्किटामधली स्कि ऱ्हस्वच ना?’

मनालीने मान डोलावली. इतकी वर्षं या घरात जेवलेल्या माणसाला हे माहीत नसेल, असं तिला वाटलं नाही; घरच्या माणसाला विचारावं तसं त्याने तिला विचारलं होतं.